उत्तर दिशा कल्याणकडे

चुंबकाबद्दल काही विचारायचं असेल, तर ओतूरपासून आळेफाट्यापर्यंत माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! हे लोक म्हणतात असं नाही. म्हणतो मीच, पण अजून कुणी खोडून काढलेलं नाही. शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत दोन पट्टीचुंबक आहेत. त्यातला एक इतका थकलाय की टाचणी त्याच्याजवळ गेली तरी आधी विचार करते. उरलेल्या एकाच्या जिवावर मी किती मुलं दहावीच्या पलीकडे नेली, ते मलाच ठाऊक.

त्यामुळे दोन हजार एक सालच्या हिवाळ्यात नूतन मॅडम दगडातलं चुंबकत्व मोजायला आल्या, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना सरळ माझ्याकडे धाडलं. मॅडम मूळच्या घोडेगावच्या, मुंबईत पीएच.डी. करत होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की आपल्याकडचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यातल्या लोखंडी कणांनी त्या काळच्या उत्तर दिशेची खूण धरली, आणि दगड अजून ती धरून बसलाय. मला लगेच पटलं. आमची थोरली आत्या एकदा रुसली की असंच असतं.

माळशेजच्या वाटेवर रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात आम्ही मशीन लावलं. आम्ही म्हणजे, मॅडमनी भोकं पाडली आणि मी खालून पाण्याचे कॅन वाहिले. भोकातून दगडाची गुळगुळीत कांडी निघायची, अंगठ्याहून जाड आणि चार बोटं लांब. कांडी काढण्याआधी मॅडम होकायंत्र लावून तिच्यावर पितळेच्या टोकाने बाण कोरायच्या. बाणाचं टोक उत्तरेला. म्हणजे पुढे मुंबईच्या यंत्रात दगडाची जुनी उत्तर सापडली की ती ह्या बाणाशी ताडून बघायची. काम एवढंच, पण मॅडमचा सगळा जीव त्यात अडकला होता. आधी आणलेल्या दगडांचं एकमेकांशी जमलं नव्हतं. एक म्हणे उत्तर इकडे, दुसरा म्हणे तिकडे. त्यांच्या मुंबईतल्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं की या खेपेला दगड एका सुरात बोलले नाहीत तर विषय बंद आणि शिष्यवृत्तीही बंद. घोडेगावात वडील स्थळं काढून बसलेलेच होते.

काम संपलं आणि मॅडमची जीप बिघडली. त्यांना तातडीने मुंबई गाठायची होती. दगडांची पेटी आठवडाभर माझ्याकडे ठेवायची आणि मग मी एस.टी.ने कल्याणपर्यंत पोचवायची, असं ठरलं. मॅडम म्हणाल्या, "सर, लोखंडापासून आणि चुंबकापासून लांब ठेवा. आणि अजून एक..."

मी हात वर केला. "मॅडम, चुंबकाचं मला सांगायचं म्हणजे ओतूरच्या माणसाला कांदा दाखवायचा. तुम्ही निर्धास्त जा."

मॅडम निर्धास्त गेल्या.

घरात लोखंड नाही अशी जागा शोधायला लागल्यावर कळतं, आपण लोखंडाच्या दुकानातच राहतो! माझ्या खोलीत लोखंडी कपाट, सोप्यात सायकल, माळ्यावर मोटारीचा जुना स्टार्टर, स्वयंपाकघरात विळी, तवा, उलथणं. रेडिओत चुंबक, टीव्हीत चुंबक. शेवटी सापडली बाळंतिणीची खोली. माझी धाकटी बहीण स्नेहल तेव्हा बाळंतपणाला आली होती. बाळ दोन आठवड्यांचं होतं. लाकडी बाज, लाकडी पाळणा. फक्त रीतीप्रमाणे बाळाच्या उशाशी विळा ठेवलेला. तो मी उचलून गोठ्यात नेऊन टाकला आणि बाजेखाली पेटी सरकवली.

पुढच्या घटकेला आई दारात उभी. आमची आई, सारजाबाई, आवाज चढवत नाही. तिला गरज पडत नाही.

"बाळाच्या उशाचा इळा कुणी काढला?"

मी चुंबकीय क्षेत्र समजावून सांगितलं. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की इळा जाग्यावर येतोय का मी पेटी हिरीत टाकू. विळा जागेवर आला.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागची पडवी! तिथे मातीची चूल आणि अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. माती आणि तांबं! दोघांचाही चुंबकाशी सात जन्मांत संबंध नाही. मी पेटी चुलीशेजारच्या फळीवर ठेवली आणि पडवीत लोखंडाची वस्तू आणायची नाही अशी घरभर ताकीद दिली. आईने कधी नव्हे ते लगेच मान्य केलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आठवड्याने पेटी कल्याणला पोचती केली. वाटेत शेजारच्या पाव्हण्याने ट्रान्झिस्टर लावला, तर मी त्याला पार शेवटच्या बाकावर धाडलं. तो जाताना काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंधरवड्याने शाळेत मॅडमचा फोन आला. आवाज नुसता नाचत होता. सगळे दगड जुळले होते! एकाच दिशेला, आणि असे एकमेकांना चिकटून की सर म्हणाले, असा निकाल उभ्या जन्मात पाहिला नाही. फक्त ती दिशा चमत्कारिक होती. त्या हिशेबाने त्या काळची उत्तर आपल्या सरळ पश्चिमेला येत होती.

"म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"म्हणजे सर, ओतूरहून बघितलं तर कल्याणकडे."

सर तर पेटलेच होते. परदेशातल्या परिषदेत हेच मांडणार म्हणत होते. मॅडमना दोनच शंका होत्या. एक, दगडांना तांबूस झाक कशी आली? मी सांगितलं, घाटातल्या दगडाला उतरल्यावर रंग चढतो. दुसरी, पेटीला ओव्याचा वास का येतोय? मी म्हणालो की ओतूरची हवाच तशी आहे. आता मला काय ठाऊक? पण तज्ज्ञाने माहीत नाही म्हणून कसं चालेल!

हेडमास्तरांनी बातमी फळ्यावर लिहिली. मी वर्गावर्गात जाऊन सांगितलं की एके काळी उत्तर पश्चिमेला होती. घटक चाचणीत एका पोराने ध्रुवतारा कल्याणच्या खाडीवर उगवतो असं लिहिलं, आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

महिन्याने मॅडम आणखी दगड काढायला परत आल्या. सरांनी परिषदेला जाण्याआधी थोडे जास्तीचे मागितले होते. दिवसभर काम करून आम्ही घरी जेवायला बसलो. मॅडमनी हौसेने पर्समधून जुन्या खेपेतली एक कांडी काढली. म्हणाल्या, हा माझा नशिबाचा दगड, सगळीकडे बरोबर नेते. आईने भाकरी वाढता वाढता तो हातात घेतला, आणि तिचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली पाटली सापडली.

"बया, ह्यो तर माझा शेकाचा दगूड! आता नवीन आणल्यात त्यातलं धा-बारा ठिवून जा गं बाई. लई बेस हायेत. इटंचा तुकडा पाठीला कोचतो, ह्ये कसं अल्लाद फिरत्यात."

मॅडमचा घास हातातच राहिला. "मावशी, शेक म्हणजे? तुम्ही हे तापवले होते?"

"मंग? चुलीत चांगलं निखाऱ्यात पुरायचं. निखारं इजलं, राख झाली, की आतनं कोमट निगायचं. फडक्यात गुंडाळून पोरीची पाठ, कंबर. रोज. परत ववा-तेलाचा हात पुसून पेटीत. एक बी फोडला न्हाई मी."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

मॅडम अगदी हळू बोलल्या. दगड निखाऱ्यासारखा तापला की जुनं सगळं विसरतो, आणि निवताना आजची उत्तर नव्याने शिकतो. त्या दिवशी "अजून एक" म्हणाल्या होत्या ते हेच होतं: तापवू नका. साडेसहा कोटी वर्षं जपून ठेवलेलं आमच्या चुलीत स्नेहलच्या कंबरेसाठी खर्ची पडलं होतं! मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. समोरच्या पोरीचं शिक्षण मी माझ्या तोंडाने बुडवलं होतं, आणि ती अजून मला सर म्हणत होती.

"पण मग सगळे एका दिशेला कसे?" मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. "चुलीत तर कसेही पडायला हवेत." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "मावशी, चुलीत ठेवताना कसे ठेवायचात?"

आईला प्रश्नच समजला नाही. "कसं म्हंजी? वळीनं. तुमी एवडं बाण काढल्यालं, कायतरी देवाधर्माचं असंल म्हनलं. समद्यांची त्वांडं उगवतीला. देवाची पूजा आपुन काय कशीबी मांडतो का?"

मॅडम ताटावरून उठल्या, चुलीपाशी गेल्या, कांडी बाण पूर्वेला करून ठेवली आणि डाव्या हाताला बोट दाखवलं. उत्तर तिकडे. दगडाने चुलीत हेच पाठ केलं होतं, की बाणाच्या डावीकडे उत्तर. मग कांडी उचलून बाण कड्यातल्यासारखा उत्तरेला केला आणि परत डावीकडे बोट दाखवलं. बोट थेट कल्याणकडे.

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नेमकं कसलं आहे हे मला कळेना. आईने त्यांना जवळ घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नवीन दगडांची पेटी उचलून घराबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

एस.टी.डी. बूथवरून सरांना फोन मॅडमनीच केला. मी काचेबाहेर होतो. त्या बराच वेळ बोलल्या, मग फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिल्या. बाहेर आल्या त्या चक्रावलेल्या. सर आधी चिडले, मग त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. परिषदेतलं भाषण रद्द. पण ते म्हणाले की इतके दिवस माझा समज होता, तुझं मोजमाप कच्चं आहे, म्हणून दगड जुळत नाहीत. एका चुलीतले दगड तू इतके अचूक मोजलेस की चूल कुठे तोंड करून आहे ते कळलं. तुझा हात पक्का आहे. आता नवे दगड मोज, विषय चालू.

नवे दगड मॅडमनी त्याच एस.टी.ने स्वतःच्या मांडीवर नेले. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे. त्या दगडांची खरी जुनी दिशा सापडली, ती कल्याणकडे नव्हती, आणि त्यावर दोन वर्षांनी मॅडम डॉक्टर झाल्या. वडिलांनी स्थळांची पत्रं बांधून ठेवून दिली.

मधल्या उन्हाळ्यात त्यांचे सर स्वतः ओतूरला आले. त्यांना ती चूल बघायची होती! पडवीत वाकून त्यांनी होकायंत्र लावलं, मान डोलावली, आईच्या पाया पडले. तिच्या हातचा चहा पीत तिला निखारा किती वेळ राहतो, लाकूड कुठलं, असं काय काय विचारत राहिले. मी कडेला उभा होतो, पांढरा सदरा घालून. शेवटी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांनी अदबीने विचारलं, "आणि आपण?"

मी घसा खाकरला. चुंबकशास्त्रावर चार शब्द बोलावेत असं मनात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "ह्यो व्हय? ह्यो सोपान, माझा पोरगा. तुमाला कायबी जड उचलायचं असंल तर ह्याला सांगा."

सरांनी जीपकडे बोट दाखवलं. त्यात भोकं पाडायचं मशीन होतं, आणि ते बरंच जड होतं.