कोठीच्या दाराचं कुलूप

"या वर्षी उपवासकाळ म्हणजे काय असतो, ते दाखवतोच तुम्हाला!" ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये कपाळाला लावलेली राख तशीच ठेवून कुलूपवाल्यानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. गेल्या वर्षी त्यानं गोड सोडलं होतं आणि आठवडा उलटायच्या आत जॅमच्या बरणीसकट रंगेहाथ सापडला होता. त्यामुळे बायकोनं नुसती मान हलवली आणि वाढायला घेतलं.

पण या खेपेची गोष्ट वेगळी होती. आई गेल्यापासून त्याला प्रार्थनाच होत नव्हती. गुडघे टेकले, डोळे मिटले, की यायचे ते सगळे पाठ केलेले शब्द, आणि तेही चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखे अवघडून. आईचं तसं नव्हतं. उपवासकाळात ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. आत पिठाचे डबे, कांद्यांची टोपली, एक स्टूल आणि ती. बाहेर आली की चेहरा कसा धुतल्यासारखा, आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "कंदिलाची काच कोणी फोडली, ते देवानं मला सांगितलं हं!" देवाची माहिती कधीच चुकत नसे. लहानपणी कुलूपवाल्याला देवाचा धाक वाटायचा, तो मुख्यतः त्याच्या या चहाडखोरपणामुळे!

"मी आईच्याच खोलीत बसणार," तो म्हणाला. "आणि कोणीही दार उघडायचं नाही. मी आतून ओरडलो, रडलो, 'उघडा उघडा' म्हणालो तरी ऐकायचं नाही! पहिल्या दिवशी मन पळ काढायला बघतं. मोह असतो तो!"

"आणि खरंच काही झालं तर?" मुलीनं विचारलं.

"तोसुद्धा मोहच!"

कोठीच्या दाराला साधी कडीही नव्हती. ज्याची कुलपं गावातल्या दारोदारी, त्याची प्रार्थना अशी उघड्यावर? छे! त्यानं दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप दारात बसवलं. लोटलं की आपोआप लागणारं, आणि आतून काय, बाहेरून काय, किल्लीशिवाय न उघडणारं. मग प्रार्थनेत धंदा आड यायला नको म्हणून हत्यारांची पेटी बाहेर ठेवली, किल्ल्यांचा जुडगा पेटीत टाकला, आत गेला आणि मोठ्या समाधानानं दार लोटलं.

खट्!

आवाज इतका सुरेख आला की तो क्षणभर खूश झाला. मग हात खिशाकडे गेला. धंद्याच्या सगळ्या वस्तू बाहेर ठेवता ठेवता त्यानं याच कुलपाची किल्लीही बाहेर ठेवली होती!

आधी त्यानं गळ्यातल्या क्रुसाच्या टोकानं गुपचूप कुलूप उचकून पाहिलं. क्रूस वाकला. कुलूप ढिम्म! मग दारावर हलकेच टकटक केली.

"बाबा, मोह आहे तो," बाहेरून मुलगी म्हणाली.

"अगं, किल्ली बाहेर राहिलीय! पेटीतून काढून दाराखालून सरकव!"

"आई, बाबा किल्ली मागतायत!"

"मागणारच! गेल्या वर्षी जॅम मागत होते. अजिबात देऊ नकोस."

त्यानं दार बडवलं, गयावया केली, शेवटी आवाज चढवला. तेव्हा बायको दाराशी येऊन अगदी मायेनं म्हणाली, "अहो, एवढाच जीव घाबरा झाला असेल तर माझ्या भावाला बोलावू का?"

कुलूपवाल्यानं दार बडवणारा हात झटकन मागे घेतला. हा मेहुणा त्याच्याच हाताखाली शिकला होता आणि त्याच्याच दुकानासमोर कुलपांचं दुकान थाटून बसला होता. त्याच्या हातून सुटका करून घ्यायची? त्यापेक्षा ईस्टरपर्यंत कच्चे कांदे खाऊन राहीन! "नको, नको! प्रार्थना चाललीय माझी!" असं ओरडून तो स्टुलावर बसला.

बसला मात्र, आणि कानाशी कोणीतरी बोललं, "आई, बाबांच्या चष्म्यावर मी बसले ते त्यांना सांगू नकोस हं!"

त्यानं दचकून मान वळवली. भिंतीत, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या बरोबर कानाशी, एक झरोका होता. पलीकडे स्वयंपाकघर. घरातला शब्द न् शब्द तिथून आत येत होता. हा होता तर आईचा देव! कुलूपवाल्याला हसू आवरेना.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. त्याची मोठी बहीण संध्याकाळची डोकावायला आली होती.

"कोठीत बसलाय? कुलूप लावून?" ताई हसली. "अगं, आईनं त्या दाराला कधी कडी बसवू दिली नाही. ती आत गेली की हा बाहेर दाराला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. मग ती दार हळूच बोटभर उघडायची, फटीतून हात घालून याचं डोकं धरायची आणि मगच बाहेर यायची. मी एकदा म्हटलं, आई, नीट दार लावून बस ना. तर म्हणाली, ज्याच्यासाठी आत बसते, त्यालाच बाहेर कसं कोंडू?"

कुलूपवाल्याचं हसू मावळलं. डोक्याला तो हात लागल्यासारखं वाटलं, पिठाचा, गरम. आई इथे बसून घर ऐकायची आणि ऐकू येईल त्या प्रत्येकासाठी मागायची. त्यानं डोळे मिटले. झरोक्यातून बायकोचा आवाज आला, त्यानं बायकोसाठी मागितलं. मुलीचा आला, तिच्यासाठी. मग ताईसाठी. पाठ केलेला एकही शब्द लागला नाही. मेहुण्यासाठीही मागितलं, फक्त त्याला जरा वेळ लागला.

मग तो उठला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "बोलाव तुझ्या भावाला."

मेहुण्यानं बघता बघता कुलूप उघडलं. "झकास माल आहे, भाऊजी! कोणी बसवलं?"

कुलूपवाल्यानं तेही सोसलं. धुतल्यासारख्या चेहऱ्यानं तो बाहेर आला आणि मुलीकडे वळून म्हणाला, "चष्म्यावर कोण बसलं, ते देवानं मला सांगितलं हं!"

मुलीनं आ वासला. बायकोचा हात आपसूक छातीशी गेला. ताई तेवढी जवळ आली आणि त्याच्या कानात पुटपुटली, "आणि कंदिलाची काच तू फोडलीस, हे त्या झरोक्याशी उभं राहून देवाला मोठ्यानं कोण सांगायचं, असं वाटतं तुला?"

कुलूपवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वाकलेल्या क्रुसाकडे पाहिलं, आणि दाराचं कुलूप काढायला निमूटपणे पेटी उघडली.