जावयासाठी तळलेलं लोणचं

"तळलेलं लोणचं?" दुर्गाबाईच्या हातातलं सूप पाखडता पाखडता थांबलं. "पुंजाजी, नीट आठवा. असंच म्हनले का जवाई?"

"वहिनी, म्या काय घरून बनवून आनलं?" शेजारचा पुंजाजी ओट्यावर टेकत म्हणाला. "अकोल्याच्या मोटरस्टँडवर भेटले. मोटर सुटून राह्यली होती. खिडकीपाशी येऊन म्हनले, मामीले सांगजा, धोंड्याले येऊन राह्यलो. अन् मंग म्हनले, तळलेलं, लोणचं. बस. निघाली मोटर."

अधिकमास ज्येष्ठात आला होता. कौसल्येच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. जावई खुशालराव अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगात कारकून. माणूस इतका भिडस्त की दारात पाय ठेवतानाही उंबरठ्याची परवानगी घेईल. अशा माणसानं आपण होऊन काही मागितलं म्हणजे ती गोष्ट साधी नव्हे.

दुर्गाबाईला दुसरीच धास्ती होती. इथं वलगावात, लग्नाच्या पंगतीत, अकोल्याची विहीण केशरबाई चारचौघींत बोलून गेली होती, "वलगावचं वरण पानावर टिकत नाही वं माय, थे मोटरच्या आधी अमरावतीले पोचते." तेव्हापासून कौसल्येला सासरी वरण ढवळताना दर वेळी हे वाक्य ऐकावं लागे. आता लोणच्यातही उणं निघालं तर पोरीला वरणासोबत लोणचंही ऐकावं लागणार होतं.

"मांगलं ना त्यायनं? मंग करा!" तिचे यजमान जानराव म्हणाले. आपल्या घरात चूल कोणत्या भिंतीला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण चुलीबद्दलचे हुकूम ते बसल्या जागेवरून अचूक सोडत.

"अवो, पन लोणचं तळतात कुठं?"

"अकोल्यात तळतात! शहर हाय थे. तिथं मोठ्या घरची मानसं कच्चं लोणचं तोंडात घालत नाहीत." हे जानरावांनी त्याच क्षणी शोधून काढलं आणि पुढच्या क्षणापासून त्यांचा त्यावर विश्वास बसला.

दुर्गाबाईनं बरणीतून आंब्याच्या चार फोडी काढल्या, कढईत तेल तापवलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन फोडी सोडल्या. खारानं भरलेल्या त्या फोडी तेलात पडल्या आणि तेल अंगावर आल्यासारखं उसळलं. मोहरी तडतडत छपराला लागली. तिखट जळालं आणि त्याचा जो खाट उठला तो आधी स्वयंपाकघरात, मग ओट्यावर, मग गोठ्यात गेला. जानराव खोकत अंगणात आले. बैल शिंकले.

समोरची मैनाबाई पदरानं नाक दाबून धावत आली. "कोनाची दिठ काढून राह्यली वं, दुर्गे? एवढ्या मिरच्या?"

"दिठ नाई वं, जवायाचं लोणचं तळून राह्यली."

मैनाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू खरी दृष्ट हिचीच काढायला हवी.

पण दुर्गाबाई हटली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फोडींचा मसाला कोमट पाण्यानं धुतला, फोडी लुगड्याच्या फडक्यावर उन्हात टाकल्या. वऱ्हाडातलं ऊन ते. संध्याकाळपर्यंत फोडी कोरड्या झाल्या. वर लावायला बेसनात ज्वारीचं पीठ घालायचं ठरवून ती जात्यावर बसली, आणि जातं फिरलं की तिच्या ओठावर ओवी यायचीच:

"बरणीतली फोड, बाई, कढईत गं नाचली
जवायाच्या मनातली पोथी कोनं गं वाचली?"

घट्ट पीठ कालवून, मंद आचेवर, एकेक फोड तिनं सोडली. या वेळी तेल शहाण्यासारखं वागलं. फोड बदामी झाली. दुर्गाबाईनं अर्धी स्वतः चाखली, अर्धी मैनाबाईला दिली. वरून कुरकुरीत, आतून आंबट, आणि गिळल्यावर मागून येणारं तिखट.

"दाताले हसू आलं वं माझ्या," मैनाबाई म्हणाली आणि पदर खोचून बसली. "आन आनखी."

इकडे जानरावांनी पारावर जाहीर करून टाकलं होतं की अकोल्याची बडी मंडळी सध्या लोणचं तळूनच खातात. आता वलगावानं अकोल्याच्या मागे का राहावं? आठवडाभरात घरोघरी बरण्या उघडल्या. फोडी धुवायच्या, वाळवायच्या, हे कोणी विचारलं नाही. गावभर खाट उठला, आणि जो खोकत नव्हता त्याच्या घरी लोणचं नसावं असं समजण्यात येऊ लागलं.

धोंड्याच्या दिवशी खुशालराव आणि कौसल्या आले. पाट, रांगोळी, चांदीचं नाही पण घासून चांदीचं केलेलं ताट. ताटात पुरणाचे धोंडे होते, अनारसे होते, आणि मधोमध तळलेल्या लोणच्याचा ढीग. शेजारी मानाचा पाहुणा म्हणून पुंजाजी.

खुशालरावांनी ढिगाकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. मग दाराआड उभ्या सासूच्या आतुर चेहऱ्याकडे. ही या घरची रीत असावी असं समजून त्यांनी एक फोड उचलली, चावली, आणि म्हणाले, "फार उत्तम."

दुसऱ्या फोडीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहा!" जानराव मांडी थोपटत म्हणाले. "याले म्हनतात आवड!"

आत कौसल्येनं आईचा दंड धरला. "आई, हे काय करून ठेवलं वं? तळनानं त्याहिच्या पोटात आग पडते. डाक्टरनं तळन बंद केलं. पुंजाजीकाकाजवळ निरोप धाडला होता ना, मामीले सांगजा तळलेलं काही करू नका, लोणच्या-भाकरीवर भागते म्हनून!"

दुर्गाबाईनं दारातूनच पुंजाजीला खूण करून बोलावलं. पुंजाजी उष्ट्या हातानं आला, ऐकून घेतलं, आणि शांतपणे म्हणाला, "मोटरचा भोंगा वाजून राह्यला होता, वहिनी. मले दोनच शब्द आयकू आले. दोन्ही पोचवले."

आता थांबवायचं कसं? 'पुरे करा' असं सासूनं जावयाला म्हणायचं? केशरबाईच्या कानी गेलं तर 'मोजून वाढलं' हे जन्माचं होऊन बसेल. दुर्गाबाई दारात येऊन म्हणाली, "संपलं बाप्पा. जवाईबापू, एवढंच होतं."

"संपलं? माझ्या घरात?" जानराव ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः स्वयंपाकघरात शिरले, चूल पाहून किंचित दचकले, आणि झाकून ठेवलेली अख्खी परात घेऊन बाहेर आले. खुशालरावांनी परात पाहिली आणि डोळे मिटले. पण हात पुढे केला. भिडस्त माणूस.

तो हात परातीत पडायच्या आत कौसल्या बाहेर आली. वडिलांच्या हातातली परात तिनं काढून घेतली, चौकटीला टेकून खाली बसली आणि एक फोड तोंडात टाकली. कुर्रर्र. मग दुसरी. मग तिसरी.

"पोरी, वेड लागलं काय? धोंड्याचं वाढलेलं जवायाचं असते!" जानराव म्हणाले.

कौसल्येनं चौथी उचलली. वर पाहिलं नाही.

"सासरी उपाशी ठेवतात काय वं तुले?" जानरावांचा आवाज चढला. खुशालराव पाटावर कसेनुसे झाले.

"जानरावभाऊ, तुमी गप बसा," वाढायला मदतीला आलेली मैनाबाई दारातून म्हणाली. तिनं पुढे होऊन कौसल्येच्या गालांवरून हात उतरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आंबट असं कोन खाते, कवा खाते, हे बाप्यायले काय समजते? आजोबा होऊन राह्यले तुमी!"

जानराव जिथे होते तिथेच, पाट नसलेल्या जागेवर बसले. खुशालरावांच्या घशात उरलेली फोड अडकली आणि असा ठसका लागला की पुंजाजीला त्यांची पाठ थोपटावी लागली. ही बातमी त्यांनाही मैनाबाईकडूनच कळली होती.

दुर्गाबाईनं लेकीला आत ओढलं. "खरं सांग वं. नवऱ्याले वाचवाले नाटक केलं, का..."

कौसल्येनं मान खाली घातली. "सुरू केलं त्याहिच्यासाठीच," ती बोट चाटत म्हणाली. "मंग थांबवतच येईना. सांगनारच होती आई, म्हनलं आधी तुले सांगीन."

दुर्गाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं. तिनं लेकीचं तोंड पदरानं पुसलं, तिच्यासाठी कढई पुन्हा चुलीवर ठेवली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जवाईबापू, तुमाले साधी भाकर टाकू काय?"

"टाका, मामी!" खुशालराव जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. "अन् संगं थोडं लोणचं..."

आतून कुर्रर्र आवाज आला. ते थांबले.

"लोणचं राहू द्या," ते म्हणाले. "लोणचं आता तिचं."