सात बोटांची म्हैस

सम्राट सरांना हात स्वस्थ ठेवून शिकवता येत नसे. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका कॉलेजात ते बी.कॉम.च्या पोरांना व्यवसाय कायदा शिकवत, आणि वैध कराराच्या सात अटी बोटांवर मोजल्याशिवाय त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसत. एकदा उजव्या हातात खडू होता, डावा हात बँडेजमध्ये होता, तेव्हा त्यांनी पहिल्या बाकावरच्या साक्षीची बोटं मागून घेऊन धडा पूर्ण केला होता.

नऊ वर्षं हे चाललं होतं, आणि तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पगारही नाही. संस्थेचे सचिव हंबीरराव दरवर्षी पाठीवर हात ठेवून म्हणत, "सर, तुमचं कायमचं पुढच्या जूनला बघू." अख्ख्या कॉलेजाला कराराचा कायदा शिकवणाऱ्या माणसाकडे स्वतःचा म्हणून एकही करार नव्हता. 'नुसतं बघू म्हणणं म्हणजे स्वीकृती नव्हे' हे वाक्य वर्गात सांगताना ते दरवर्षी फळ्याकडे तोंड करत.

यंदा हंबीररावांनी थोडी आशा दाखवली. "पुस्तकातलं किती दिवस शिकवणार? कायतरी प्रॅक्टिकल करून दावा. समितीपुढं तुमचं नाव काढायला मला तोंड पायजे की."

सरांनी दोन दिवस विचार केला आणि वर्ग घेऊन थेट गारगोटीच्या वाटेवरचा जनावरांचा बाजार गाठला. दिवाळी तोंडावर आली होती, बाजार फुलला होता. तिथं सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात, घेणारा समोरच्याची बोटं दाबून भाव सांगतो, आणि विकणाऱ्यानं मूठ आवळली की सौदा झाला. ना कागद, ना सही. सरांना हे सगळं इतकं आवडलं की त्यांनी अल्ताफभाई नावाच्या म्हशींच्या व्यापाऱ्याला गाठून रुमालाखाली हात घातला.

"अल्ताफभाई, मुलांना जरा दाखवूया."

"दावूया की. ह्या चांदणी म्हशीवर बोला. येक बोट म्हंजे धा हजार."

हे शेवटचं वाक्य सरांनी ऐकलंच नाही. ते पोरांकडे वळले होते. "हं, वैध करारासाठी काय काय लागतं? पहिला, प्रस्ताव." रुमालाखाली अल्ताफभाईंचं एक बोट दाबलं गेलं. "दुसरी, स्वीकृती." दुसरं बोट. "तिसरा, मोबदला. चौथी, पक्षांची सक्षमता. पाचवी, मुक्त संमती."

अल्ताफभाईंनी मूठ आवळली. पन्नासला म्हैस द्यायची हे ते घरातून ठरवूनच निघाले होते.

सरांनी ती मूठ उलगडली आणि पुन्हा पहिल्या बोटापासून दाबायला सुरुवात केली. "थांबा हो, अजून दोन राहिलेत. सहावा, कायदेशीर उद्देश. सातवी, कायद्यानं तो करार रद्द ठरवलेला नसावा."

तीस वर्षांच्या धंद्यात अल्ताफभाईंनी भाव पाडणारी नाना तऱ्हेची माणसं बघितली होती. होकार मिळाल्यावर मूठ सोडवून भाव वाढवणारा मात्र पहिलाच भेटला. माणूस मोठ्या मनाचा आहे असं समजून त्यांनी पुन्हा मूठ आवळली, म्हशीच्या कपाळावर गुलाल टाकला आणि कासरा सरांच्या हातात दिला.

"सत्तरला दिली, सर. बरकत येऊ दे."

सरांना परिस्थिती कळायला एक मिनिट लागलं आणि घाम फुटायला त्याहून कमी. "अहो, मी घेत नव्हतो. मी शिकवत होतो."

"शिकवा की. पर हात कुणाचा हुता?"

"माझाच, पण..."

"कुणी दमदाटी केली?"

"नाही."

"पिऊन आलाय?"

"छे."

"वय?"

"अडतीस."

"सर," वही पुढे करत साक्षी म्हणाली, "सक्षमता झाली, मुक्त संमती झाली. टिपून घेऊ का?"

"साक्षी, ही चूक होती. चुकीनं झालेला करार टिकत नाही."

"दोघांची चूक असंल तर, सर. एकट्याच्याच चुकीवर करार मोडत न्हाय. गेल्या मंगळवारी तुम्हीच सांगितलंय. मला त्यात पाचपैकी चार पडलेत."

भोवती बाजार गोळा झाला होता. रुमालातला शब्द फिरवणारा माणूस तिथं अजून कुणी पाहिला नव्हता, आणि आज बघायला मिळेल म्हणून चहाची टपरी रिकामी झाली होती. चाळीस विद्यार्थ्यांसमोर करार मोडणं सरांच्या जिवावर आलं. पैशांचं म्हणताच अल्ताफभाई म्हणाले, "दिवाळी झाली की द्या. शब्द हाय न्हवं?" नऊ वर्षांत सरांच्या शब्दाला कुणी इतकी किंमत दिली नव्हती. म्हैस टेम्पोत चढली.

घरी तेजस्वीवहिनींनी गॅलरीतून खाली पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी कायम व्हायच्या आदी म्हस कायम झाली म्हणा की."

"तेजू, ती फक्त दोन दिवस पार्किंगमध्ये राहील."

"ऱ्हाऊ दे. निदान दूध तरी देईल. तुमचं कॉलेज काय देतंय?"

सर कासरा धरून पार्किंगकडे वळले.

खरा घोळ सकाळी झाला. सरांच्या जुन्या मोटारसायकलचा सायलेन्सर सहा महिन्यांपासून फुटका होता. त्यांनी किक मारली, गाडीनं फटफटाट केला, आणि चांदणीनं एका हिसक्यात कासरा तोडला. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात, तेव्हा पुढे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल असते आणि शिकवलेली म्हैस त्या आवाजामागे बेभान धावते. चांदणी अशीच शिकवलेली होती, आणि हे अल्ताफभाई गडबडीत सांगायला विसरले होते.

सर वेग वाढवतील तसा म्हशीचाही वाढे. सिग्नलला सर थांबले, तीही थांबली. ट्रॅफिक हवालदारानं आधी सरांना शिट्टी मारली आणि मग म्हशीला रस्ता मोकळा करून दिला. रस्त्यावरची माणसं शिट्ट्या मारत होती, एकानं तर "सर, पाडवा अजून चार दिवस हाय" असं ओरडून सांगितलं. कॉलेजच्या फाटकातून आधी सर आले, मग चांदणी आली. तास बुडाला तर पगार बुडतो, म्हणून सर गाडी लावून तसेच वर्गात शिरले. चांदणीला फटफटाट बंद झाल्याचं पटेना. तिनं खिडकीतून तोंड आत घातलं आणि 'मुक्त संमती' अख्खी ऐकून घेतली.

दोन दिवस हेच झालं. पोरांची हजेरी मात्र शंभर टक्के होती.

तिसऱ्या दिवशी हंबीरराव तावातावानं आले. "कॉलेज हाय का गोठा?" असं म्हणत ते खिडकीपाशी गेले आणि तिथंच थबकले. हंबीररावांना आयुष्यात दोनच गोष्टींचं वेड होतं, संस्था आणि म्हशी. त्यातही क्रम हाच असेल असं नव्हतं. गेल्या पाडव्याला त्यांची म्हैस ऐन चौकात उसाच्या गुऱ्हाळाकडे वळली होती आणि ती फजिती त्यांना अजून टोचत होती. चांदणीची शिंगं, कास, कपाळावरचा पांढरा ठिपका त्यांनी डोळे भरून पाहिला.

"ही गाडीच्या मागं पळतीया म्हणं?"

"काठी न लावता," सर म्हणाले.

"सर, ही म्हस मला पायजे. परवा पाडवा हाय. काय ते बोला."

सरांनी खडू खाली ठेवला, हंबीररावांच्या जवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर हळूच हात ठेवला.

"साहेब, तुमचं पुढच्या जूनला बघू."

हंबीररावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नऊ वर्षं जी वस्तू त्यांनी फुकट वाटली, ती पहिल्यांदाच त्यांच्या पदरात पडली होती. आवाज एकदम मऊ झाला. "असं का म्हणतायसा, सर? आपण घरचीच माणसं. तुमचंबी बघतो की मी."

दारात अल्ताफभाई उभे होते. म्हैस नव्या ठिकाणी चारा खाते का, हे बघायला ते मुद्दाम आले होते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून पुढे केला.

"साहेब, तोंडानं बघायचं बास. हात घाला."

हंबीररावांनी खिडकीकडे पाहिलं. चांदणीनं कान हलवला. त्यांनी हात घातला.

"म्हशीचे सत्तर अल्ताफभाईंना जातील, ते वेगळे," सर म्हणाले. "आता माझं. पहिली, लेखी ऑर्डर." एक बोट दाबलं गेलं. "दुसरा, बारा महिने पगार. तिसरी, ती ऑर्डर आजच्या तारखेची. चौथा, प्रॉव्हिडंट फंड. पाचवी, आजारपणाची रजा."

हंबीररावांनी घाईघाईनं मूठ आवळली.

सरांनी ती शांतपणे उलगडली. "थांबा हो, अजून दोन राहिलेत."

सातवं बोट झालं, मूठ आवळली गेली. आता गुलाल नव्हता, म्हणून अल्ताफभाईंनी टेबलावरचा गुलाबी खडू चुरून सरांच्या कपाळाला लावला. पोरांनी बाकं बडवली. सरांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांच्याकडे एकही हात मोकळा नव्हता, कारण एक हंबीररावांकडे होता आणि दुसऱ्यात अल्ताफभाईंनी खिडकीतून चांदणीचा तुटका कासरा आत ओढून धरायला दिला होता.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून वही वर आली.

"सर, येक शंका हाय," साक्षी म्हणाली. "सहावी अट, उद्देश कायदेशीर पायजे. म्हशीपायी नोकरी, हे त्यात बसतंय का?"

हंबीररावांनी सरांकडे पाहिलं, सरांनी म्हशीकडे पाहिलं.

"साक्षी," सर म्हणाले, "तास संपला."

घंटा व्हायला अजून वीस मिनिटं होती.