बखर न्हाणीघरच्या खरखरीत फरशीची

विनंती ऐसीजे. पूर्वी राजे बहुत जाहले, त्यांनी मुलूख मारिले, गड घेतले, तह केले आणि सोयीने मोडिले, आणि त्या सर्वांची वर्तमाने शहाण्यांनी लिहून ठेविली. परंतु चार पावलांच्या न्हाणीघरासाठी ज्याने आपली झोप, आपली सुट्टी आणि आपली होती नव्हती ती अक्कल पणास लाविली, त्या पुरुषाचे वर्तमान कोणी लिहिले नाही. सबब हे लिहिणे प्राप्त जाहले. लिहिणार आणि ज्याचे लिहिले तो, हे उभयता एकाच खुर्चीवर बसतात आणि एकाच चष्म्यातून पाहतात, हे वाचणाराने ध्यानी घ्यावे आणि बभ्रा करू नये. मोहीम चालू असता जे साहेबांस ठाऊक नव्हते ते बखरकारास मागाहून कळले, म्हणून बखरकार सर्वज्ञ आहे. साहेब नव्हते.

राजमान्य राजश्री घरधनी साहेब हे तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचे अधिपती. कचेरीत त्यांचे हाताखाली दोन माणसे, ती ऐकत नसत, म्हणोन हुकूम करण्याची हौस साहेब घरी भागवीत. खजिना आणि मुदबख, म्हणजे स्वयंपाकघर, साहेबांचे कुटुंबाकडे, ज्यांस घरात सरकार म्हणत, आणि सरकारांचे संमतीवाचून त्या घरात खिळा ठोकला जात नसे, ही गोष्ट साहेबांखेरीज सर्वांस विदित होती. तिसरे, साहेबांचे तीर्थरूप थोरले साहेब, वयोवृद्ध, गुडघ्यांनी कुरकुरणारे आणि तोंडाने न कुरकुरणारे.

तर न्हाणीघर जुने जाहले, फरशी झिजली, नळ रात्रंदिवस ठिबकू लागला, आणि साहेबांनी मनसुबा केला की हे सगळे उखडून नवे करावे. मग ते खासा स्वारी करोन फरशीच्या दुकानात गेले, आणि तेथे एक पांढरी शुभ्र गुळगुळीत फरशी पाहिली, जीत साहेबांचा स्वतःचा मुखचंद्रमा स्वच्छ दिसत होता. अर्थातच ती पसंत पडली. मग साहेबांनी तेथूनच कंत्राटदारास बोलाविले. हे कंत्राटदार म्हणजे फरशीबहाद्दर, कानावर पेन्सिल, कमरेस टेप, बोलणे थोडे आणि बिल लांब. करारमदार जाहला की भिंतीस आणि जमिनीस एकच आरशासारखी फरशी लावावी.

इकडे साहेब फरशीत तोंड पाहत असता, तिकडे घरी थोरले साहेब जुन्या न्हाणीघरात पाय घसरोन पडले. हाड मोडले नाही, परंतु मांडी काळीनिळी जाहली, आणि ते भिंतीस टेकून बराच वेळ तसेच बसून राहिले, कारण उठता येईना आणि हाक मारवेना. सरकारांनी दार ठोठाविले, मग पुन्हा ठोठाविले, तेव्हां त्यांनी सरकत येऊन कडी काढिली. उठवून खाटेवर निजविल्यावर त्यांनी सुनेस ताकीद दिली ती ऐसी: "त्याला सांगू नकोस हं. उगाच घर डोक्यावर घेईल."

सरकारांनी शब्द दिला. परंतु त्याच सांजेस फरशीबहाद्दरास फोन करोन फर्माविले की भिंतीस आरसा लावा नाहीतर आणखी काही लावा, जमिनीस मात्र पाय घट्ट बसेल अशी खरखरीत फरशी घाला, दर जादा पडला तरी फिकीर नाही, साहेबांस मी सांगते. आणि त्या सांगणारही होत्या. परंतु साहेब दोन्ही वेळा ताटावर बसले की आरशासारख्या फरशीचे वर्णन सुरू करीत, त्यात दुसऱ्या कोणाचा घास शिरे ना शब्द.

मग काम सुरू जाहले. घणाचे घाव पडले, धूळ उडाली, डाळीत सिमेंट आणि सिमेंटात डाळ ऐसा समय आला. साहेब नित्य सायंकाळी कचेरीतून येऊन दारातून मान आत घालीत, "उतार बघा हं, उतार," इतके बोलत आणि मान बाहेर काढीत. उतार हा शब्द त्यांनी मोबाइलवरील एका व्हिडिओत ऐकिला होता आणि तो त्यांस फार आवडला होता. एके दिवशी तर साहेबांनी बुडबुड्याची लेव्हलपट्टी विकत आणून, ती उलटी धरोन, भिंत वाकडी असल्याचा निर्वाळा दिला. फरशीबहाद्दराने ती पट्टी हळूच सुलटी केली आणि भिंत सरळ जाहली. जमिनीवर या सर्व काळात पोती अंथरलेली होती, सबब पोत्यांखाली काय आहे हे पाहण्याचे साहेबांस सुचले नाही.

मग पोती उठली आणि त्याच घटकेस बिल आले. साहेबांनी चष्मा पुसला आणि वाचू लागले, तो मध्येच "खरखरीत फरशी, जादा दर" ऐसी ओळ दिसली. साहेबांनी खाली पाहिले. जमीन राखाडी, खडबडीत, आणि तीत कोणाचेही तोंड दिसत नव्हते. मग साहेबांचा जो क्रोध उसळला तो वर्णिता येत नाही, कारण शेजारच्यांनी दूरदर्शनचा आवाज बंद करोन तो ऐकिला आहे आणि त्यांचे वर्णन अधिक चांगले आहे.

फरशीबहाद्दर म्हणाला, "घरातूनच सांगितलं होतं, साहेब."

"घरातून म्हणजे कोणी? घर माझं आहे." घर थोरल्या साहेबांचे नावे आहे, हे येथे नमूद करोन ठेवितो.

तेव्हां सरकार पुढे होऊन बोलल्या, "मी सांगितलं. मला ती आवडली." कारण मात्र सांगितले नाही, शब्द गुंतला होता. साहेबांनी मनात आणिले की सरकार स्वभावाने दयाळू, गरिबाची बाजू सावरून घेतात. मग त्यांनी फर्मान काढिले की ही जमीन उखडून, करारातील आरसा स्वखर्चे बसवावा, तोवर एक छदाम मिळणार नाही. यावर फरशीबहाद्दराने वाद केला नाही. त्याने नव्या नळांच्या मुठी फिरवून काढिल्या, पिशवीत टाकिल्या आणि चालता जाहला. साहेबही काही कमी नव्हते. त्याचे फरशी कापण्याचे यंत्र राहिले होते, ते त्यांनी उचलोन बाल्कनीत वाळत्या कपड्यांमागे कैद केले. ऐसे दोहीकडे ओलीस पडले, आणि मध्ये न्हाणीघर, नवेकोरे आणि ठणठणीत कोरडे.

पुढे बहुत हाल जाहले. साहेब आणि सरकार स्नानासाठी पलीकडील गल्लीत सरकारांचे बंधूंकडे, म्हणजे साहेबांचे मेव्हण्यांकडे, काम चालू असता जात, ते काम सरल्यावरही जातच राहिले. खांद्यावर टॉवेल, हाती साबण, ऐसी स्वारी निघे, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नित्य पुसे, "आज पण?" थोरल्या साहेबांस मात्र तीन जिने उतरवत नसत. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चादरीचा आडोसा करोन, तांब्याभर कोमट पाण्यात फडके बुडवून अंग पुसून घेत आणि बस्स जाहले म्हणत. साहेबांनी एकदा पुशिले की बाबा लंगडता का, तर म्हणाले, गुडघा. साहेबांनी खरे मानिले आणि पुन्हा फरशीच्या दराचा हिशेब करीत बसले. हे लिहिताना बखरकारास साहेबांचा राग येतो.

मग मसलत होऊन मेव्हण्यांस वकील करोन गनिमाकडे रवाना केले. मेव्हणे मोठे मुत्सद्दी, ज्याचा चहा घेतील त्याचे खरे करणारे. ते दुपारी गेले, दिवेलागणीस परतले आणि म्हणाले, "भावोजी, माणूस चांगला आहे हो. माझंही बाथरूम करून देतो म्हणाला, कमी दरात." ऐसा वकील एका चहात फितला. साहेबांनी त्याच दिवशी हातोडा आणि छिन्नी खरेदी केली आणि जाहीर केले की रविवारी सकाळी ती जमीन आपण खासा आपल्या हातांनी उखडणार.

सरकारांनी हातोडा पाहिला आणि सासऱ्यांकडे गेल्या. "बाबा, आता तरी सांगू द्या. हे खरंच फोडतील."

"फोडता येईल का त्याला?" थोरल्या साहेबांनी पुशिले.

"फोडता येणार नाही. पण खराब नक्की करतील."

थोरले साहेब थोडे हसले, मग म्हणाले, "रविवारी त्या फरशीवाल्यालाही बोलाव."

रविवारी न्हाणीघरात दरबार भरला. जेथे एकाने वळताना कोपर सांभाळावे तेथे साहेब, सरकार, फरशीबहाद्दर आणि मेव्हणे उभे, आणि थोरले साहेब चौकट धरोन दारात. फरशीबहाद्दराने हातोडा पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची ती फरशी भिंतीला शोभते. पाण्यात पाय घसरतो तिच्यावर."

साहेबांनी छाती पुढे काढिली. "ज्याला नीट चालता येतं, त्याचा पाय घसरत नाही."

थोरल्या साहेबांनी मान खाली घातली आणि आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिले. सरकारांनी साहेबांकडे पाहिले, आणि ते पाहणे साहेबांस त्या वेळी समजले असते तर पुढील प्रसंग टळता. परंतु साहेब भरात होते. त्यांनी भिंतीस लावून उरलेल्या गुळगुळीत फरश्या पॅसेजमधून आणविल्या, खरखरीत जमिनीवर ओळीने मांडविल्या, त्यावर साबणाचे पाणी ओतविले, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचिला आणि आपल्या पसंतीची सत्यता जगास दाखविण्यास सिद्ध जाहले. पहिले पाऊल पडले. साहेबांनी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले. मग दुसरे पाऊल पडले, आणि मग पाऊल राहिले एकीकडे आणि साहेब गेले दुसरीकडे, आणि हातोडा सुटून मेव्हण्यांच्या पायाशी पडला, आणि मेव्हण्यांनी मोठ्या शिताफीने स्वतःचा पाय वाचविला, आणि फरशीबहाद्दराने साहेबांची कॉलर धरिली, आणि कॉलर त्याच्या हाती राहून साहेब कोपऱ्यातील बादलीत विराजमान जाहले. बादली मजबूत होती. साहेब तीत घट्ट बसले, गुडघे हनुवटीपाशी.

तेव्हां थोरले साहेब दारातून बोलले, "मी पडलो तेव्हा तिथे बादली नव्हती."

साहेबांस प्रथम अर्थ लागला नाही. मग त्यांनी सरकारांकडे पाहिले, सरकारांचे डोळे भरले होते. मग फरशीबहाद्दराकडे पाहिले, तो नळाकडे पाहू लागला. मग जमिनीकडे पाहिले, आणि ती खडबडीत राखाडी जमीन कोणासाठी आहे हे त्यांस कळो आले.

"कधी?" साहेबांनी पुशिले.

"तू दुकानात होतास तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलं, बाबा?"

"सारखा फोन करत होतास," थोरले साहेब म्हणाले. "आरशासारखी मिळाली, आरशासारखी मिळाली. इतका खुशीत तुला किती दिवसांनी पाहत होतो. म्हटलं, राहू दे."

साहेबांस लाज वाटली. येथे अलंकार घालावयास जागा होती, परंतु लाज वाटली इतकेच खरे आहे. त्यांनी उठण्याचा प्रयत्न केला, बादलीही सोबत उठली, मग ते पुन्हा बसले आणि बसल्या जागेवरून तहाची कलमे फर्माविली. खरखरीत जमीन कायम राहावी. तिचा जादा दर पुरता द्यावा. यंत्र बाल्कनीतून सन्मानाने मुक्त करावे आणि मुठी नळांस परत मिळाव्या. ऐसे ठरत असता सरकारांनी बिल हाती घेतले, वरून खाली वाचिले आणि फरशीबहाद्दरास म्हणाल्या, "मलबा उचलल्याचे पैसे दोनदा लावलेत." फरशीबहाद्दराने कानावरची पेन्सिल काढिली, जीभ चाविली आणि एक ओळ खोडिली. चुकून जाहले म्हणाला. चुकून जाहले नव्हते. मग साहेबांनीही काहीतरी जिंकावे म्हणून भिंतीतील साबण ठेवण्याची खोबण वाकडी असल्याचे निदर्शनास आणिले. फरशीबहाद्दराने पाहिले, ती खरेच वाकडी होती, त्याने तिचे पैसे सोडिले. वहाण हरवून पायतळीची माती मिळावी, ऐसा हा लाभ, परंतु साहेबांनी तो तीनही खोल्यांत फिरून जाहीर केला. तत्पूर्वी मेव्हण्यांनी आणि फरशीबहाद्दराने दोहीकडून ओढून त्यांस बादलीतून सोडविले होते.

आता फत्तेची नोंद. दुसरे दिवशी सकाळी थोरले साहेब टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लाविली. पाण्याचा आवाज सुरू जाहला. साहेबांची कचेरीची वेळ टळत होती, तरी ते दाराबाहेर एका बाजूस उभे राहिले, आणि दुसऱ्या बाजूस सरकार, आणि दोघेही काही काम असल्यासारखे करीत होते. साहेबांनी न राहवून पुशिले, "बाबा, हात देऊ का?"

"ऑफिसला जा," आतून उत्तर आले.

मग पाणी थांबले, मग बराच वेळ काहीच ऐकू येईना, आणि साहेबांनी दारास कान लाविला. मग कडी निघाली, आणि थोरले साहेब डोके पुशीत, भिंतीस हात न लाविता, ओल्या जमिनीवरून आपल्या पायांनी चालत बाहेर आले. या मोहिमेत फत्ते जाहली ती इतकीच, आणि ती साहेबांची नव्हे. हे साहेबांचे समक्ष, साहेबांचेच हाताने लिहिले असे.