घरातल्या वापरापुरती खुर्ची

कुसुमबाईंच्या चाकाच्या खुर्चीला मागून हात लावला की पट्टी बसायची. लाकडी, शाळेची, थेट बोटांच्या पेरांवर. बाईंच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या, मदत करायला धावलेल्या अर्ध्या लोकांनी ती खाल्ली होती. मी दोनदा खाल्ली, कारण पहिल्यांदा मला वाटलं, चुकून लागली असेल.

बाई सरकारी कन्याशाळेत गणित शिकवायच्या. टांग्याचं चाक दोन्ही पायांवरून गेलं, तरी दवाखान्यातून सुटल्या त्या सरळ वर्गात. रस्त्यात कोणी आडवं आलं की हाक यायची, "उभे आहात ना? मग सरका!" समोर म्हैस असो की हेडमास्तर, वाक्य तेच. "बिचाऱ्या बाई" असं कोणी म्हणालाच, तर, "बिचारी तुझी बायको. तुझ्याबरोबर राहते."

मी तेव्हा शिक्षण खात्याच्या कचेरीत बिलबाबू होतो. राज्यांची पुनर्रचना नुकतीच झाली होती. आमच्या राज्याची राजधानी नागपूरची भोपाळ झाली, पण आमच्या कागदांना ते कोणी सांगितलं नव्हतं. ते आधी सवयीने नागपूरला जायचे आणि तिथून हिरमुसून परत यायचे. सिव्हिल सर्जनने बाईंना खुर्ची लिहून दिली, मुंबईच्या दुकानाने पाठवलीही. अट एकच: सरकारी मंजुरी नाही आली, तर खुर्ची परत. ते बिल माझ्या टेबलावर आलं. आता खुर्ची म्हणजे फर्निचर, हे कोणीही सांगेल. मी ते फर्निचरच्या खात्यात टाकलं. वरून उत्तर आलं, शाळेत खुर्च्या पुरेशा आहेत.

"तुझ्या डोक्यालाही चाकं बसवून घे," बाई म्हणाल्या. "म्हणजे कुठे तरी जाईल."

पुढच्या वेळी बिल औषधोपचारात गेलं. भोपाळहून नियम आला: घरातल्या वापरापुरतीच मंजुरी, बाहेर नेली तर ते वाहन. वापर घरातच होतो का, प्रत्यक्ष पाहून लिहा. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "चुपचाप जाके देख आओ." गुपचूप जायचं होतं, म्हणून मी चहाच्या दुकानात फक्त चौघांना सांगितलं.

संध्याकाळी बाईंच्या गल्लीत शिरलो, तर पहिल्याच ओट्यावरून एक काकू ओरडली, "बाई घरीच हाये हो, बाबूजी! भायेर निघतच नाही बिचारी!"

पुढच्या ओट्यावरून, "आत्ता सोयपाक करून राहिली!"

मी बाईंचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून शपथ घेतली, "मैंने तो उनको महीने भर से देखा ही नहीं." एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "उभे आहात ना? मग सरका!"

मांडीवर केळ्यांची फणी घेऊन बाई येत होत्या. "मी घरी नाही. इथे आहे," त्या शिंप्याला म्हणाल्या. "चष्मा लागलाय का तुला?"

"ओ बाई," काकू कळवळून म्हणाली, "आजच्या दिवस तरी आत बसायचं ना!"

"का? मी काय कोणाची कोंबडी चोरली?"

त्यांच्यामागून मी घरी गेलो. उंबरा वीतभर उंच. खुर्ची दाराशीच राहिली. बाई खाली उतरल्या आणि हातांवर सरकत सराईतपणे आत गेल्या. एकच खोली. चूल, माठ, खाट, सगळं हाताच्या अंतरावर.

मी कागद काढला. "बाई, मी 'हो' लिहितो. भोपाळहून कोण बघायला येतंय?"

"लिही. उद्या खुर्ची मीच परत धाडते. खोटं बोलून मिळालेल्या खुर्चीवर मी बसणार नाही."

"पण 'नाही' लिहिलं तरी ती जाणारच!"

"जाऊ दे."

मग माझंही डोकं फिरलं. "अहो, घरात फिरवायला काय हरकत आहे? उंबरा मी काढवून देतो!"

"घरात? कुठून कुठे फिरवू? चुलीपासून खाटेपर्यंत हात पोचतात माझे."

यापुढे काहीतरी झणझणीत येणार म्हणून मी बोटं आवरून बसलो. पण बाई केळी सोडवत राहिल्या. एक माझ्यापुढे ठेवलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "घरात बोलायला कोणी असतं, तर घरातच वापरली असती."

मी तेच लिहिलं. बडेबाबूंनी वाचलं. "ये कौन-से नियम में बैठता है?"

"किसी में नहीं," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढे ओढला. मग शिक्का मारून तो भोपाळला पाठवला. या वेळी थेट भोपाळला.

पावसाळा संपता संपता मंजुरी आली. नियमाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कागद खिशात घालून मी त्याच संध्याकाळी बुधवाऱ्यात गेलो.

बाईंच्या दाराला कुलूप होतं आणि खुर्ची दाराशी नव्हती. इतकं गोड कुलूप मी पुन्हा पाहिलं नाही.