मेश्रामांच्या तंबूतला मावा

सुखदेव मेश्रामांनी सकाळी सहा वाजता मिरचीचं पान उलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पानामागे टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरवट किड्यांची दाटी झाली होती. मावा. काल चार रोपांवर होता, आज अकरा. त्यांनी खिशातली वही काढली आणि तारीख घालून तशी नोंद केली. एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत काढलेल्या माणसाला दुःखसुद्धा आधी नोंदवावं लागतं.

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आपल्या तळमजल्याच्या क्वार्टरमागे बांबू आणि प्लास्टिक लावून त्यांनी हे सहा बाय आठचं ग्रीनहाउस स्वतः उभं केलं होतं. कॉलनीत त्याला ‘मेश्रामजी का तंबू’ म्हणत. ज्यांच्या हातून आजवर कुंडीतली कोथिंबीरही जगली नव्हती, त्यांनी हा उद्योग केला तो आईसाठी. वडील गेल्या वर्षी वारले आणि कुसुमावतीबाई भिवापूरकडच्या गावी एकट्या पडल्या. सुखदेवांनी त्यांना दिल्लीला आणलं खरं, पण त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं, “होळी झाली की मी चालली. इथं माझं काय आहे?” आता तर वीस मार्चचं तिकीटही काढून झालं होतं.

आईच्या गाठोड्यात गावच्या मिरचीचं बी होतं. सुखदेव म्हणाले होते, “तुझ्या मिरचीचा ठेचा तुला इथंच खाऊ घालतो. मग सांग, जायचं की राहायचं.”

“बघू,” आई म्हणाल्या होत्या. त्या एका ‘बघू’वर बिचाऱ्यांनी सगळी थंडी काढली.

“अहो, नीमचं तेल मारा ना,” त्यांची बायको विनया म्हणाली. “पार्कपलीकडच्या रस्तोगीभाभी तर सरळ औषध मारतात.”

“आईला शब्द दिलाय, विनया.”

शब्द असा होता की, मिरचीसाठी एकही जीव मारायचा नाही. पंचशीलातलं पहिलं शील कुसुमावतीबाई जन्मभर अक्षरशः पाळत आल्या होत्या. डासालासुद्धा त्या पदरानं वारा घालत दाराबाहेर पोचवायच्या, आणि दार लावताना तो फटीत सापडत नाही ना, हेही बघायच्या.

तेव्हा सुखदेवांनी मधला मार्ग काढला. लेकीचा, श्रावस्तीचा, चित्रकलेचा ब्रश घेतला आणि ऑफिसचा जुना टिफिन घेतला. रोज सकाळी एकेक पान झाडून मावा डब्यात गोळा करायचा आणि फिरायला जाताना पार्कच्या टोकाच्या कुंपणावर अलगद सोडून यायचा. कुंपणापलीकडे काय आहे, हे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पलीकडे रस्तोगीभाभींचे गुलाब होते.

आठव्या दिवशी भाभींचे गुलाब माव्यानं भरले. रविवारी कॉलनीची मीटिंग बसली. जिथे घरटी एक तरी अंडर सेक्रेटरी राहतो, तिथे कीड मारत नाहीत, तिच्यावर समिती नेमतात.

“मेश्रामजी, कोई तो है जो इसे बाहर से ला रहा है,” रस्तोगीभाभी म्हणाल्या.

“हो सकता है,” सुखदेव खाली मान घालून म्हणाले.

“आपको कीड़ों की इतनी समझ है. आप ही चेयरमैन बन जाइए.”

“मैं शायद निष्पक्ष नहीं रह पाऊँगा, भाभीजी.”

या विनयशीलतेवर टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला. पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा होता.

आता आपल्याच कॉलनीत मावा सोडणं अध्यक्षांना शोभलं नसतं. म्हणून ते डबा घेऊन मेट्रोनं लांब रानाकडे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी तपासणीच्या पट्ट्यावर त्यांना अडवलं.

“टिफिन में क्या है?”

“कीड़े हैं.”

“सब्जी में?”

“नहीं जी, सिर्फ कीड़े.”

जवानानं झाकण उघडून पाहिलं, मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि हळूच झाकण लावून जाऊ दिलं. त्या दयेनं सुखदेवांना जास्तच वाईट वाटलं.

एवढं करूनही मावा हटेना. फुलं गळायला लागली. अहवालाच्या आदल्या दिवशी त्यांनी ठरवलं, चौकशी करायचीच तर घरापासून करावी. भिंग घेऊन ते तंबूत गुडघ्यांवर बसले. तेव्हा दिसलं की मिरचीच्या प्रत्येक खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललीय. मुंग्या माव्याजवळ जाऊन त्याचा गोड रस पीत होत्या, आणि मावा खायला आलेल्या ठिपकेवाल्या भुंग्याला चावून हुसकावत होत्या. मावा सुटा नव्हता, त्याला राखण होती. रांगेमागे सरकत सुखदेव कोपऱ्यातल्या कुंडीशी पोचले. कुंडीआड एक बशी होती आणि बशीत गूळ.

तेवढ्यात आई गुळाचा नवा खडा घेऊन आल्या.

“आई, हे कधीपासून?”

“आल्यापासूनच. तुम्ही सगळे ऑफिसला, शाळेला जाता. मग माझी वाट पाहणारं घरात कोण असते? या मात्र नऊ वाजता हजर असतात.”

सुखदेवांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, “यांच्यामुळे मावा जात नाही, आई. मिरची येणार नाही आता.”

आईंनी खाली गळलेलं एक फूल उचललं. “म्हणजे मिरची मीच घालवली.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे.” त्या हळूच कुंडीच्या काठावर टेकल्या. आता आई जाणार, हे सुखदेवांनी मनाशी धरलं. त्यांना रडूच येत होतं.

“विनयाला सांग, ते तिकीट रद्द कर म्हणावं.”

“काय?”

“मिरची गावाला किलोनं मिळते, तिचं काय घेऊन बसला? पण यांना सवय मी लावली. मी गेल्यावर यांना कोण गूळ घालणार? तू? तू तर डब्यात भरून मेट्रोनं सोडून येशील.”

दुसऱ्या दिवशी सुखदेवांनी अहवाल दिला. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला स्मरून त्यात स्वतःचं नाव घातलं, ब्रशचं आणि टिफिनचंही घातलं. मुंग्यांचं मात्र घातलं नाही. रस्तोगीभाभींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि समितीनं अहवालाच्या अभ्यासासाठी उपसमिती नेमली.

संध्याकाळी ते पिशवी घेऊन बाजाराला निघाले, तेव्हा मागून आईचा आवाज आला.

“गूळ काळा आण, सुखदेवा. मागचा पिवळा त्यांनी बशीत तसाच ठेवला होता.”