दार काढलेलं घर

नवघरच्या हिराजीकाकांनी एका सकाळी स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं, मागच्या पडवीत आडवं टाकलं आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या. घर उघडं. कोंबड्या आत, बकऱ्या आत. काकी कपाळाला हात लावून बसली.

झालं असं होतं, की आदल्या दिवशी कोर्टाचा बेलिफ दम देऊन गेला होता, "कागद घेत नसाल तर दाराला चिकटवून जाईन."

"आता चिकटव म्हनावं," काका मला म्हणाले. "दारच न्हाय!"

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. "काका, भिंतीला चिकटवेल," मी म्हटलं. काका भिंतीकडे असे काही बघू लागले, की आता हा माणूस भिंतही काढतो, अशी मला धास्ती वाटली.

भानगड होती त्यांच्या घरापुढच्या खळ्याची. पलीकडचं मिठागर एका शेटने घेतलं आणि खळंही आपलंच म्हणून दावा ठोकला. ठाण्याच्या कोर्टात काका जिंकले. शेट अपिलात गेला. तिथंही काकाच जिंकले. शेट तारखेला कधी फिरकत नसे, त्याचे वकील मोटारीतून येत. निकाल कळला की तो पेढीवरूनच म्हणे, "वांधो नहीं, ऊपर जाएंगे." काका मात्र दर तारखेला मिठागरावरची रोजी बुडवून कोर्टाच्या बाकावर बसत.

"जिंकलो म्हंजी मेलो, मास्तर," हे त्यांचं पालुपद. "शेट हरला तरी घोरतोय. मी जिंकून जागा हाय."

आता वर म्हणजे हायकोर्ट. तिथं मुंबईचा वकील लागणार, आणि तो आणायचा कुठून? काकांनी आपला उपाय काढला. कोर्टाच्या नोटिशीचं पाकीटच घेतलं नाही तर अपील कसलं? पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली, की ते वाळत टाकलेल्या जाळ्यामागे दडत आणि तिथूनच ओरडत, "रजिष्टर असंल तर परत न्या!" नाकारलेला कागद मिळाल्यातच जमा धरतात, हे मी सांगू लागलो की कानात बोटं घालत. मला त्यांचं हसू यायचं आणि काळजीही वाटायची.

त्यांचा एकुलता मुलगा नामदेव याच खटल्यावरून भांडून बोटीवर नोकरीला गेला होता. "शेटपुढे आपला निभाव लागायचा न्हाय, जागा सोडा," म्हणाला होता. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नसे.

एक दिवस पोस्टमन जाळ्यापाशीच येऊन उभा राहिला. "काका, हे कोर्टाचं नाही. कोचीनहून आलंय, नामदेवचं. आधीची दोन रजिस्टर पत्रंही त्याचीच होती, तुम्ही न बघताच परत पाठवलीत."

काका जाळ्यामागून बाहेर आले. पाकीट त्यांनी माझ्यापुढे धरलं, मीच फोडलं.

"बाबा," मी वाचलं, "दोन पत्रं परत आली. तुमचा राग गेला नाही, हे समजलो. हे शेवटचं."

काकी पदर तोंडाला लावून रडू लागली. काका मागे गेले, मिरच्या खाली ओतल्या आणि दार उचलून आणलं. मी एका बाजूने धरलं.

"काका, बेलिफ चिकटवेल ना!"

"चिकटवू दे. पोष्टमनला वाजवायला दार नको?" बिजागरी ठोकता ठोकता ते म्हणाले, "मास्तर, कागद घ्या. लिवा त्याला. म्हनावं, बाप रागावला न्हवता. घाबरला व्हता."